हलतं ते दिसत नाही

साहेब : कापून टाका. अहवालात शेपटी नको.

बाई : साहेब, ते प्रथिन आहे, मांजर नाही.

साहेब : चित्र तुम्हीच काढलंत ना? ही मळसूत्रासारखी दांडी डीएनएच्या खाचेत बसते आणि जनुक चालू-बंद करते. कबूल. पण यात शेपटी कुठंय?

बाई : आहे. हलते म्हणून दिसत नाही. स्फटिकात अशी असंख्य प्रथिनं रचलेली असतात, आणि चित्र येतं ते सगळ्यांचं मिळून एक. दांडी सगळ्यांची एकाच ठिकाणी, म्हणून ठळक. शेपटी प्रत्येकाची वेगळीकडे, म्हणून पुसट होत होत गायब.

साहेब : म्हणजे नाही.

बाई : म्हणजे कामावर आहे! अंधारात बटण शोधणारा हात असतो ना, तशी ती डीएनएवर चाचपडत जाते. जागा सापडली की घट्ट वेढा घालते. ती कापली तर दांडी बसणार कुठं? तुमच्या डोक्यावर?

साहेब : भाषा सांभाळा. संस्थेचं धोरण ठरलंय, दिसेल तेच आहे. म्हणून तर कॅमेरे लावले. दिवसभराचे फोटो एकावर एक ठेवायचे, संध्याकाळी सगळ्यांचा मिळून एक. हा कालचा. मी लख्ख. हिशेबनीस लख्ख.

बाई : हिशेबनीस झोपलेत यात.

साहेब : पण जागेवर! आणि या मिस्त्रींच्या खुर्चीत कोण दिसतंय?

मिस्त्री : साहेब, काल गच्चीवर पंप अडकला होता, मग तळघरात वायर जळाली, मग बाईंची शीतखोली...

साहेब : फोटोत तुमचा धूरसुद्धा नाही. आजही असंच आलं तर पद रद्द. आणि बाई, तुम्हीही हल्ली भुरकट येताय.

(साहेब जातात. मिस्त्री हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसतो. दुपार होते.)

बाई : मिस्त्री, उठा! शीतखोली बंद पडली. वर्षभर खपून काढलेलं प्रथिन आत आहे, नासून जाईल.

मिस्त्री : बाई, मला बोलायला लावू नका. ओठ पुसट होतील.

बाई : आग लागो त्या ओठांना! पाणी सुटलंय आत.

मिस्त्री : घरची चार तोंडं आजवर माझ्या पळण्यावर जगली, आता माझ्या बसण्यावर जगायचीत. सकाळपासून नाकावर माशी बसलीय, हाकलली नाही. माझ्यापेक्षा तीच लख्ख येणार.

बाई : मग तिलाच कायम करतील.

मिस्त्री : हसवू नका हो, पोट हलतं.

बाई : उठा. तुमच्या जागी मी बसते.

मिस्त्री : आणि तुमची खुर्ची?

बाई : राहील रिकामी.

मिस्त्री : पद जाईल की तुमचं!

बाई : प्रथिन नासल्यावर ते पद काय चाटायचंय मला? पान्हा घ्या आणि पळा. माशी ठेवून जा हवी तर.

(मिस्त्री पान्हा घेऊन पळतो, बाई त्याच्या खुर्चीत बसते. संध्याकाळ होते आणि साहेब येतात.)

साहेब : वा, मिस्त्री! आज कसे देवासारखे बसलात. हा बघा फोटो, संध्याकाळी मुद्दाम घेऊन आलो.

बाई : साहेब, मी बाई आहे.

साहेब : खुर्चीवर पाटी कोणाची?

बाई : मिस्त्रींची.

साहेब : मग वाद कशाला घालता? तुमचं पद राहिलं. बाईंचं मात्र गेलं, त्यांची खुर्ची दिवसभर ओसाड.

बाई : अहो, त्या तुमच्या समोर बसल्यात! डोळे फुटले का तुमचे?

साहेब : मिस्त्री, बाईंची संगत भोवली तुम्हाला. आधी असे बोलत नव्हतात.

बाई : बरं. त्यांच्या अहवालातल्या शेपटीचं काय मग?

साहेब : ती त्यांनी कापायची होती. आता त्याच नाहीत, तर कापणार कोण? मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. जाऊ दे तसाच पुढं.

बाई : तसाच म्हणजे शेपटीसकट?

साहेब : सकट. आणि तुम्ही मिस्त्री आहात, शेपटीत लक्ष घालू नका. येतो मी.

(साहेब जातात. मिस्त्री पान्हा घेऊन परत येतो.)

मिस्त्री : बाई, झाली सुरू! दार उघडलं तर दात वाजले माझे. तुमच्या नळ्यांना काही धक्का नाही. साहेब काय म्हणत होते?

बाई : तुमचं पद शाबूत आहे. घ्या तुमची खुर्ची.

मिस्त्री : आणि तुमचं?

बाई : गेलं. मी आता इथं नाहीच.

मिस्त्री : अरे देवा! मग आता जाणार कुठं?

बाई : कुठं म्हणजे? शीतखोलीत. काम पडलंय.