ओळंबा

व्हिसाच्या रांगेत लेकीनं फाइल काढायला पिशवीत हात घातला आणि भलतंच काही हाती लागलं. मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी आपसूक कान टवकारले.

"अहो बाबा, तुमचा ओळंबा माझ्या पिशवीत?"

"आजच टाकला, नंतर विसरलो असतो. तिकडच्या भिंती सरळ आहेत का बघून ये."

"धरा हा. कॉलेजची अभ्याससहल आहे, बाबा. पहिल्या ख्रिस्ती लोकांची जमिनीखालची थडगी बघायला चाललोय. सतराशे वर्षं झाली त्यांना!"

"मग? बांधली कोणीतरीच ना?"

"बांधली नाहीत, खोदली. एका खोदणाऱ्याचं तर चित्रच आहे तिथं. हातात दिवा, खांद्यावर कुदळ."

"गवंड्याचं चित्र?"

"खोदणाऱ्याचं."

"एकच झालं. नावासकट?"

"नावासकट."

"मला चाळीस वर्षांत कुणी एका विटेवर नाव कोरू दिलं नाही."

लेकीनं पिशवीतून फाइल काढून काखेत धरली.

"त्याला माझा नमस्कार सांग."

"कोणाचा म्हणून सांगू?"

"धंद्यातल्या माणसाचा म्हण. ओळखेल."

"चला, नंबर आला आपला. आणि तो ओळंबा द्या इकडे. घरी गेल्यावर मोठ्या बॅगेत ठेवते."