गावदेवाची मच्छरदाणी

(धानोरा तालुक्यातलं जंगलातलं एक गाव. आषाढातली ढगाळ दुपार. गावदेवाच्या मोहाखाली तिघे उभे आहेत : तालुक्याहून आलेले हिवतापाचे साहेब गुणवंतराव, गावची आशाताई दीपिका आणि देवाचा म्हातारा पुजारी पोचू. देवाच्या दगडावर निळी मच्छरदाणी टांगलेली. वाटेवर जीप उभी.)

गुणवंतराव — आता मात्र हद्द झाली! मार्चात आलो तेव्हा सरकारी मच्छरदाण्या मोहाखाली अंथरलेल्या, फुलं झेलायला. आज पाहतो तर दगडावर! माणसाच्या अंगावर कधी जाणार आहेत त्या?

दीपिका — सर, दगड नोका म्हणू. गावदेव हाय आमचा.

गुणवंतराव — बरं, देव. हा घ्या, नमस्कार केला. पण देवाला हिवताप होतो का, दीपिकाताई?

पोचू — होते ना जी.

गुणवंतराव — हे कोण?

दीपिका — पोचू आबाजी. देवाचे पुजारी. आबाजी, तुमी जरासाक चूप राहा ना. आधी मले बोलू द्या.

पोचू — बोल ना पोरी. मी काई बोलूनच नाई राह्यलो. सायबानं इचारलं, देवाले हिवताप होते का. मी म्हनलो, होते. बस.

दीपिका — सर, एकच मागनं हाय. जीपमंदी नव्या मच्छरदाण्या हायेत. त्या पुढच्या गावाले नोका नेऊ. आमच्या आमाले द्या. पानकळा लागला. नाल्यावर डासाचा नुसता घोंगाट हाय. आबाजीची नातीन सोमारी बाळंतपणाले आली, सातवा महिना लागला तिले. गेल्या साली दोनदा तापली होती बिचारी. अवंदा ताप आला तं दोन जिवाची गोष्ट हाय.

गुणवंतराव — ताई, मी मार्चातच सांगून गेलो होतो. जे गाव वापरत नाही त्या गावाला मिळणार नाही. तुम्ही जीपसमोर आडव्या आल्या म्हणून थांबलो. किती सभा घेतल्या इथं! भिंती रंगवल्या, पोरांची फेरी काढली, भोंगा लावला. ऐकलं कोणी? ज्याला विचारावं तो म्हणे, 'आमाले डास चावत नाई जी.'

पोचू — तं मंग! आमचे डास एवढे मोठे का मानसाले चावतच नसत, एवढ्याशा घासासाठी कोन तोंड वापरते? एकानं माझ्या शेजारच्या लटारूचा कोंबडा उचलला, नाल्यापार नेला अन् तिथी बसून बांग देऊन राह्यला होता.

गुणवंतराव — कोण, कोंबडा?

पोचू — डास! कोंबडा कायले देते? कोंबडा तं भेला होता.

गुणवंतराव — चला ताई, निघतो मी.

दीपिका — सर, सर, थांबा! आबाजी, हात जोडतो तुमाले! तुमच्या गोष्टीपायी मच्छरदाण्या चालल्या पुढच्या गावाले. सर, आता गाव वापरते. देवाशपथ वापरते. ही देवाची मच्छरदाणी हाय ना, इथूनच सारं सुरू झालं.

गुणवंतराव — पाच मिनिटं. सांगा. तुम्ही सांगा, यांनी नाही.

दीपिका — आमच्या इथी नवा आंबा देवाले दाखवल्याबिगर कोनी तोंडात घालत नाई. त्याचा पंडुम होते, म्हंजे नव्याची पूजा. मोहाचा बी तसाच. आधी देव, मंग मानूस. आंब्याचं मले ठाऊक होतं. पन मच्छरदाणीले बी हाच नेम लागंल हे डोस्क्यातच नाई आलं.

गुणवंतराव — म्हणजे?

पोचू — म्हंजे तुमी जीपमंदून उतरवली अन् घरोघरी वाटली. नवी चीज! देवानं पाह्यली नाई, हात लावला नाई. मंग ती घरात कशी टांगाव? पन सरकारनं देल्ली, फेकाव तं कशी फेकाव? म्हून घराबाहेर वापरली. मोहाखाली.

गुणवंतराव — आणि एकानं तरी मला हे सांगितलं का?

पोचू — तुमी इचारलं का जी? तुमी इचारलं, 'समजलं ना सगळ्यांना?' आमी म्हनलो, हाव.

दीपिका — मंग आंब्याच्या पंडुमाचा दिवस आला. सारा गाव या झाडाखाली. ढोल सुरू झाले अन् आबाजी थरथराले लागले. लोक म्हनले, देव आला अंगात.

पोचू — अशी थरथर का झाडाचे आंबे पडाले लागले.

दीपिका — हे मोहाचं झाड हाय, आबाजी.

पोचू — म्हून तं चमत्कार!

दीपिका — दरसाली देव येते, मी पाह्यला हाय. तवा आबाजीचं आंग घामानं भिजते. त्या दिवशी आंग कोरडं ठणठणीत, दात वाजून राह्यले अन् डोळे लाल. मी हातात हात घेतला तं तवा तापलेला! माझ्या पिशवीत हिवताप तपासाची किट होती.

गुणवंतराव — अंगात देव आलेल्या माणसाला तुम्ही सुई टोचली? अख्ख्या गावासमोर?

दीपिका — हाव सर, टोचली. लटारू अंगावर धावून आला, 'देवाचं रगत काढते का?' म्हने. मले वाटलं, आज मले गावाबाहेर काढते आता.

पोचू — मीच बोट पुढं केलं, 'घे पोरी,' म्हनून.

दीपिका — तुमी हात मागं ओढला. मी बोट धरून ठेवलं.

पोचू — गडचांदूरची पोरगी हाय, सायेब. सिमेटाच्या कारखान्याचं गाव, पोरगी बी सिमेटावानी. एकदा बसली का हालत नाई.

गुणवंतराव — मग?

दीपिका — ढोल थांबले. सारे किटवर वाकून पाहत होते. पह्यली रेघ आली. मंग दुसरी रेघ उमटली. मी सांगतलं, आबाजीले हिवताप हाय. लटारू म्हने, 'म्हंजे देवाले हिवताप?'

गुणवंतराव — काय सांगितलं तुम्ही?

दीपिका — मी काई सांगाच्या आधी आबाजी उठून उभे झाले. तापानं तोल जाऊन राह्यला होता, पन आवाज असा खणखणीत! 'हाव! मले हिवताप हाय! तुमी नवी जाळी गावात आनली, मले दाखवली नाई. मी इथी उघड्यावर झोपतो, डास मले खाते, अन् तुमी त्या जाळीत मोह येचता! आजच्या आज तिचा पंडुम करा. पह्यले मी झोपीन तिच्यात. मंग सारा गाव. अन् जो बाहेर झोपंल, त्याच्याशी मी बोलनार नाई.'

गुणवंतराव — एक मिनिट. पोचूबाबा, तुम्हाला तर तोवर कळलं होतं, ही थरथर तापाची आहे. मग हा हुकूम कोणाचा? देवाचा की तुमचा?

पोचू — सायेब, सारा गाव हात जोडून उभा. पोट्टे चूप, बाया चूप, लटारू बी चूप! इतकं ऐकनारं गाव तुमाले कधी भेटलं होतं का, तुमच्या भोंग्यासमोर?

गुणवंतराव — नाही भेटलं.

पोचू — मले भेटलं. मी सोडतो का जी? अन् देवाची ना असती तं त्यानं माझी जीभ धरली नसती? मी वाट पाह्यली. नाई धरली.

दीपिका — त्याच दिवशी मच्छरदाण्या नाल्यावर धुतल्या, मोहाचा चिकटा काढला. फाटक्या जाग्यावर लुगड्याचे तुकडे शिवले. ही देवावर चढली. संध्याकाळी घरोघरी टांगल्या. आबाजीनं बी माझ्यासमोर गोळ्या घेतल्या, एकबी चुकवली नाई.

पोचू — कडू जहर! पन डास उपाशी मराले लागले ना जी. चिचेवर सभा भरवली त्यायनं. म्हातारा डास म्हने, 'बाप्पाहो, इथी आता पोट भरत नाई, चला धानोऱ्याले.' सारेच्या सारे तुमच्या हापिसाकडं गेले. भेटले असतील ना? लटारू तं मच्छरदानीत बसूनच जेवते आता.

गुणवंतराव — झालं! पुन्हा सुरू. ताई, तुमचं मला पटत आलं होतं, पण यांच्यासोबत राहून तुम्हीही रंगवून सांगता की काय कोण जाणे. घरं दाखवा. मी सांगेन ती.

दीपिका — चला ना सर. कोनतंबी घर सांगा.

गुणवंतराव — हे. कवेलूच्या छपराचं, दारात टोपली आहे ते.

पोचू — माझंच हाय. हळू जी. सोमारी झोपली हाय.

गुणवंतराव — दुपारची? आणि मच्छरदाणीत?

दीपिका — दुपारी पडली तरी मच्छरदाणी खाली सोडते ती. पाहा, चारी कोपरे चटईखाली खोचले हाये. ताप आला नाई तिले या पानकळ्यात. दर आठवड्याले मी तपासतो.

गुणवंतराव — हा लाल तुकडा...

दीपिका — तिच्या आजीच्या लुगड्याचा.

गुणवंतराव — हं. चला, शेजारचं. हे कोणाचं? ...अहो! हे काय?

पोचू — लटारू हाय.

गुणवंतराव — जेवतोय. मच्छरदाणीत बसून जेवतोय हा माणूस!

पोचू — सायेब, मी कधी खोटं बोललो का तुमच्याशी?

दीपिका — आबाजी!

गुणवंतराव — भाताचं ताट बाहेर नाही, आत! हसू नका ताई, मलाच हसू येऊन राह्यलं. ...अजून दोन घरं पाहतो. ...इथंही. आणि इथंही, पाळण्यावर वेगळी. चला, परत जीपकडे. ड्रायव्हर! गाठोडी उतरव. सगळी. पुढच्या गावाची उद्या पुन्हा आणू.

दीपिका — सर...

गुणवंतराव — रडू नका हो. तुम्हीच तर आडव्या आल्या होत्या, आता रडता कशाला? बरं, पोचूबाबा, या नव्यांचं कसं करायचं? आधी देवाला?

पोचू — आता तुमी शिकले, सायेब. एक गाठोडं देवापुढं ठेवा. नारळ हाय माझ्याजवळ. पुढच्या गावाले बी आधी त्यांच्या पुजाऱ्याले इचारा. थरथरनारा नसंल तं मले बोलवा, मी थरथरून देतो.

दीपिका — सर, ड्रायव्हर हात करून राह्यला. नाल्याले पूर आला वाटते. आज जीप पार होत नाई.

गुणवंतराव — झालं का! मग आज इथंच. शाळेच्या ओसरीत पडतो, चादर आहे माझ्याकडे.

दीपिका — मी मच्छरदाणी आनतो तुमच्यासाठी.

गुणवंतराव — राहू द्या ताई, गावाच्या आहेत त्या. एका रात्रीनं काय होतं? आणि खरं सांगू का, मला डास चावतच नाहीत.

दीपिका — ऐकलं का, आबाजी?

पोचू — ऐकलं. ओसरीले खिळे हाये का पाह्य, पोरी. सायेब, या गावात देव बी उघड्यावर झोपत नाई.