दोन वायसर आणि एक उडी

…आणि मला विचारलं का कोणी? नाही. घरात मी सगळ्यांत मोठी, या अंगणाची जमीन माझ्या हाताने चोपलेली, पण आमच्या श्रीनाथाच्या बर्फावरच्या गाडीचा विषय निघाला आणि घरातले सगळे बोलले, शेजारचा बाबली बोलला, उंडे, म्हणजे पाव, घेऊन येणारा पोदेर सायकलवरून एक पाय टेकून बोलला, आणि मी सोप्यावर चिंच फोडत बसलेली, तुम्हाला सांगते, विजेचा खांब असल्यासारखी.

श्रीनाथ म्हणजे माझा नातू, जयरामाचा मुलगा. कॅनडात असतो, बर्फावर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करतो. गोव्यातल्या या सर्वणातून थेट बर्फात! इथे होता तेव्हा डिसेंबरात थंडी वाजते म्हणून आंघोळ चुकवायचा. ती गाडी मी फोनवर पाहिली आहे. चाकं नाहीत. मागे खाणीवरच्या डोझरला असतो तसा पट्टा, आणि पुढे होडीच्या नाकासारख्या वर वळलेल्या दोन पट्ट्या, त्यांना स्की म्हणतात. बरं, चालवतोस तर चालव ना बाबा. पण नाही, हा ती डोंगरावरून हवेत उडवतो, स्वतःसकट, आणि पलीकडे उतरतो. का? तर स्पर्धा आहे. मागे सराव करताना उतरला तो आडवाच झाला, खांदा सुजला, आईला सांगितलं दारावर आपटला. आईला हे कळत नाही होय? प्रभावतीने, म्हणजे माझ्या सुनेने, त्याच दिवशी मासे सोडले, स्पर्धेत पोर धड उतरेपर्यंत. आता ती सोडते म्हणजे घरात शिजत नाहीत, आणि शिजत नाहीत म्हणजे मीही सोडले. मला विचारलं का? नाही.

तर प्रश्न काय, की त्या दोन स्कींमधलं अंतर रुंद ठेवायचं की अरुंद. फरक किती? दोन बोटांचा. दोन वायसर, म्हणजे बोल्टात घालायच्या जाड लोखंडी चकत्या, या बाजूचे काढून त्या बाजूला सरकवले की झालं. अरुंद ठेवली की गाडी उतारावर हवी तशी कलते, वळते, नाचते… रुंद ठेवली की हट्टी होते, पण उडी मारून उतरली की बूड टेकून बसते. हे त्याने विचारलं बापाला. खाणी बंद झाल्यापासून जयरामाचा ट्रक अंगणात उभा आहे, चाकांत वेली शिरल्या, पण त्याची मतं काही उभी राहिली नाहीत. "अरुंद," म्हणाला, "गाडी हाताला हलकी लागली पाहिजे, मी पाळीच्या चढावर…" आता पाळी गावच्या चढावर हा खाणीची माती भरलेला ट्रक न्यायचा, तो काय उडवायचा होता? बाबली म्हणाला रुंद. का रे? "बरी दिसता." पोदेर म्हणाला अरुंद, कारण त्याची सायकल अरुंद. संध्याकाळपर्यंत वाड्यावर दोन पक्ष. राजभाषेच्या आंदोलनाच्या वेळी मराठी की कोंकणी म्हणून भावाभावांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय, पण तेव्हासुद्धा आमच्या अंगणात लोक आपापली कदेल, म्हणजे खुर्ची, उचलून दोन बाजूंना बसले नव्हते. या वेळी बसले. दोन बोटांसाठी.

शेवटी मी न विचारताच सांगितलं, रुंद. तर जयराम म्हणतो, "आई, तुका काय कळता? तुवें बर्फ पळयलां?" म्हटलं, बर्फ नाही पाहिला, पण भाताचा भारा डोक्यावर घेऊन शेताच्या मेरेवरून, बांधावरून, खाली चिखलात उड्या मारल्यात, आणि पाय जवळ ठेवून उडी मारणारी बाई कशी उतरते ते मी पाहिलंय, ती नाकावर उतरते. हसला. म्हटलं, थांब. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पुडीच्या कागदांवर वाचायला शिकले, पण जे कळत नाही ते करून बघायचं एवढं मला कळतं. जेवायचा पाट घेतला, खाली नारळाच्या करवंटीच्या दोन डवल्या, आमटी वाढायच्या पळ्या, बांधल्या, जवळ जवळ, वर वरवंटा ठेवला आणि पायरीवरून कोंड्याच्या ढिगात ढकलला. वरवंटा इकडे, पाट तिकडे. डवल्या लांब बांधल्या, पुन्हा ढकलला… बसला, पाहुण्यासारखा. बाबलीने फोनवर चित्र घेतलं. जयराम म्हणाला, कोंडा म्हणजे बर्फ नव्हे. म्हटलं, आणि पाळी म्हणजे कॅनडा?

मग प्रभावती म्हणाली, देवाला कौल लावूया. मला विचारलं का? नाही. नारळ घेऊन सगळे देवळात. सगुण गुरव मला म्हणाला, "देवकी काकी, देवाक खोटां सांगूक जमचा नाय, गाडयेक चाकां किती?" एकही नाही. "मगे गाडी कशी म्हणू?" बराच वेळ त्यावरच गेला. शेवटी देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी आधी पडली तर रुंद, डावी पडली तर अरुंद, आणि सगुणाने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे देवा म्हाराजा, ह्यांचो नातू साता समुद्रापलीकडे बर्फार गाडी उडयता…"

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"त्या गाडयेक चाकां नाय, ह्यात तिची काय चूक नाय…"

"व्हय म्हाराजा."

"तिच्या दोन पट्ट्यांमधे दोन बोटांचो घोळ आसा, तो तुझ्या पायाकडे सोडय…"

"व्हय म्हाराजा."

पडली. डावी. अरुंद. जयराम असा फुगला, जशी त्यानेच पाडली. मी देवाकडे पाहिलं. देवाने माझ्याकडे पाहिलं नाही.

स्पर्धा त्यांच्याकडे संध्याकाळी दिवे लावून, म्हणजे आमच्याकडे सकाळी पोदेर यायची वेळ. फोन जनेलात, म्हणजे खिडकीत, नारळाला टेकवून ठेवला, भोवती दोन्ही पक्ष. कडक म्हणतात ना मला, पण देवाचा निरोप गिळणारी मी नव्हे. पहिल्यांदा मीच सांगितलं, "श्रीनाथा, देव म्हणतो अरुंद." तिकडे हेल्मेटातून आवाज आला, "गे आजी, मी कालच रुंद केली." कोणाला विचारून? "बाबलीने तुझ्या पाटाचं चित्र धाडलं होतं. मी तशीच दोनदा उडी मारून बघितली… आता बदलायला वेळ नाही."

तुम्हाला सांगते, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये पोर. प्रभावतीने डोळे मिटले. मी म्हटलं, "मग काय बघतोस, मार उडी." तिकडे त्याच्या मित्राने फोन धरला होता… गाडी वर गेली, दिव्यांच्याही वर, जरा वाकडी झाली… आणि खाली आली. धप्प. बसली. पाटासारखी! मग बघते तर आम्ही सगळे सोप्यावर पाय फाकवून उभे, जयरामसुद्धा.

दुपारी बांगडे झाले. सगुण वासावर आल्यासारखा आला, म्हणाला, "काकी, म्हणजे देव चुकलो?" म्हटलं, तोंड सांभाळ. देवाने वळायचं सांगितलं, मी उतरायचं सांगितलं, आमच्या दोघांत काही भांडण नाही. त्याने काटे काढता काढता मान हलवली.

पण आता काय झालंय, ऐका. परवा श्रीनाथाचा फोन, गाडीची स्प्रिंग कडक ठेवू की मऊ? प्रभावती नारळ शोधायला उठली, तर पोरगं म्हणतं, "देव नको, आजीला विचार." झालं. तेव्हापासून बाबली विचारतो स्कूटरचं काय करू, पोदेर विचारतो टोपली मागे बांधू की पुढे, आणि काल जयराम, माझा जयराम, ट्रकच्या वेली काढू की राहू देत हे विचारायला आला. चिंच तशीच पडून आहे.

देवाला निदान दुपारी दार लावून घेता येतं.