यादीत नसलेली फुलबॅक

“हॅलो? … कोण? … ईश्वर व्हय! बोल की रं मास्तर. … न्हाई, शेवंती तोडायला आलीया. बोल तू.”

धनश्रीनं ओंजळीतली फुलं क्रेटमध्ये सोडली आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

“शाळेची स्मरणिका… हां… दोन हजार आठची पोरींची हॉकी… वाच, वाच. … काय? परत वाच. … ‘एकखांबी तंबू’? ‘बाकी संघ जेमतेम, करिश्मानं एकटीनं ढाल आणली’? … तुला कुणी सांगितलं हे? … यादी बघून? अरं, वर्गात होतास माझ्या, पण सामन्याला कुठं आलतास? यादी बघून काय कळतंय तुला!”

शेजारच्या सरीतल्या बायांनी माना वर केल्या.

“फायनलचा गोल करिश्मानं मारला, व्हय. आन् पाच सामन्यांत आपण खाल्ले किती? … सांग ना! … एकबी न्हाई! मग गोलात काय करिश्मा उभी होती? अक्षदा होती. गुडघा फुटला तरी जागची हालली न्हाई. आन् तिच्यापुढं फुलबॅक…”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“…हो, हो, यादीत तिथं माझं नाव हाय. … हसू नको. हसू नको म्हणते ना! ठाव हाय मला, यष्टी गाठायला पळाले तरी धाप लागायची. म्हणूनच ‘जेमतेम’ लिहिलंस ना? … मग ऐक. ती मी नव्हते. … प्रगती होती. हरिबामामाची प्रगती. … व्हय, मेंढरांमागची. दिवाळीनंतर मामा मेंढरं घेऊन कोकणात उतरला, शाळेनं तिचं नाव पटावरून कमी केलं. जानेवारीत पोरगी एकटी माघारी आली, आमच्या घरी राहिली. कशासाठी? खेळायला! आन् पटावर नाव न्हाई म्हंजी खेळायचं कसं? मग खेळाच्या भारत सरांनी माझं ओळखपत्र दिलं तिच्या हातात. … अरं, दोघींच्या तेल चोपडलेल्या दोन-दोन वेण्या, पंच काय बघतोय!”

फायनलचं, दौंडचं ते धुळीचं मैदान तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. कोकरू कळपातून फुटायच्या आत आडवं जावं, तशी प्रगती चेंडूला आडवी जायची. पळताना दिसायची नाही. आधीच तिथं असायची. आणि कुंपणाबाहेर डोक्यावरून ओढणी घेतलेली धनश्री “धनश्री! धनश्री!” म्हणून घसा फोडत होती, स्वतःच्याच नावानं.

“ढाल परत मागतील? मागू देत. … सरांना मी सांगते घरी जाऊन. चूक त्यांची, तशी माझीबी. दहावीला खेळाचे गुण कुणाला मिळाले? मला! इंग्रजीत तेवढ्यावर तरले मी. … ती? ती दहावीला बसलीच न्हाई. आता रांजणगावला कंपनीच्या गेटवर उभी असती, सिक्युरिटीत. आमच्या ह्यांनी बघितली. आन् रविवारी सत्काराची शाल तुम्ही मला घालणार! … ‘यादीत न्हाई म्हणून बोलावणं न्हाई’? अरं, मग मघाधरनं मी काय बोंबलतीया!”

फुलाचा देठ तिच्या बोटांत चुरगळला.

“छापायला कवा जातंय? … आजच? मग पेन घे. … घेतलंस? माझं नाव खोड. … खाली बारीक अक्षरात न्हाई, खोड! आता लिही. प्रगती हरिबा टेंगले. फुलबॅक. … वाच. … मोठ्यानं वाच की, वर्गात वाचतोस तसं. … हां. आन् तो तंबूबी काढ तिथनं.”

ऐकता ऐकता तिनं भरलेलं क्रेट बांधाकडं ओढलं.

“…नंबर न्हाई माझ्याकडं. … न्हाई बोललो आम्ही. कधीच न्हाई. दहावीचा निकाल लागला, तवापासनं मीच तोंड चुकवलं. … तू नको बोलावू. मी जाते रांजणगावला. … आत कशाला सोडायला पाहिजे? गेटवरच काम हाय माझं. … ईश्वर, वही असती तिच्यापुढं. येईल त्याला पहिलं तेच विचारती ती, नाव काय म्हणून. … व्हय. … नाव सांगंन की. ठेव आता.”