शंकरभाऊ गप्प झाले तो रविवार

मंडळी, बसून घ्या. मागचेही बसा, जागा आहे. या बाजूला शंकरभाऊंची भावकी, त्या बाजूला बाकीचं गाव, आणि मधली सतरंजी रिकामी. तिच्यावर बसायची कोणाची हिंमत होत नाही, हे मला इथून दिसतंय. असू द्या. जिथं आहात तिथंच बसा, पण माझं बोलणं होईपर्यंत कोणी उठून जाऊ नका.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणाले होते. आपल्या गावात बाया शोकसभेत बोलत नाहीत. आणि बोलायचं तरी काय? 'मनमिळाऊ होते' म्हणून मोकळं व्हावं, तर शंकरभाऊ मनमिळाऊ नव्हते. दुकानात गूळ घ्यायला आलेल्या माणसाशीही भांडायचे. मी त्यांची समोरची शेजारीण, शाळेतली बाई, वयानं कितीतरी लहान. माझ्याशीही भांडायचे. पण आज सकाळी शंकरभाऊंच्या गोदावहिनींनी मला घरात बोलावलं आणि एक गोष्ट सांगितली. ती चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून उभी राहिले आहे. सांभाळून घ्या.

आधी त्या टीव्हीचं बोलू. सगळ्यांच्या मनात तेच आहे ना? मग खाली कशाला बघता?

गावात टीव्ही एकच. शंकरभाऊंनी तो मेहकरहून एसटीत मांडीवर धरून आणला, कंडक्टरला हातही लावू दिला नाही. रविवारी सकाळी ओट्यावर लोखंडी पेटी, पेटीवर टीव्ही, आणि वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी तयार. अंगणात आपण सगळे. पुढं लेकरं, मग बाया, मग बापे. आणि सगळ्यांच्या मागं, निंबाखाली बाजेवर, शंकरभाऊ. 'मांगून सगळं दिसते,' म्हणायचे.

ती राणीची मालिका सुरू झाली आणि शंकरभाऊंचं तोंडही सुरू झालं. आठवतं ना? किल्ल्याला वेढा पडला तर हे म्हणाले, 'वेढा पडला अन् ताटात बुंदीचे लाडू? कुठून आले बे?' लढाई झाली तर म्हणाले, 'एवढी तलवार चालवली तिनं, पातळाची निरी हालली नाही.' शिपायाच्या दंडावर देवी टोचल्याची खूण सगळ्यात आधी त्यांनाच दिसली. आणि तो घोडा! 'दोन्ही फौजांत एकच घोडा आहे, पाहा. कपाळावर तोच टिळा. सकाळी इकडून लढते अन् दुपारी तिकडून.' त्यानंतर पुढचे सगळे रविवार आपण राणी सोडून घोडाच पाहत होतो.

वैताग यायचा. खोटं कशाला बोलू? इकडं राणीचा नवरा मरून पडलाय, बाया पदर डोळ्याला लावून बसल्यात, आणि मागून आवाज येतो, 'मेलेल्याचं पोट हालून राह्यलं.' कोणीतरी ओरडायचं, 'भाऊ, चूप बसा ना!' ते म्हणायचे, 'टीव्ही माहा, ओटा माहा, तोंडही माहंच.' 

पण एक सांगा. त्या मालिकेतली दरबारी हिंदी आपल्यातल्या किती जणांना कळत होती? कौसल्याबाईंना तर एक अक्षर कळत नव्हतं. त्या दर थोड्या वेळानं मान वळवून विचारायच्या, 'काय म्हणे हो ते, भाऊ?' आणि शंकरभाऊ आपली टीका थांबवून सांगायचे, 'राजा म्हणे, मी चाललो, लेकराले जप.' राजा काय म्हणाला ते आपल्याला शंकरभाऊंकडून कळलं. आपण त्यांनाच चूप बसा म्हणत होतो.

माझं आणि त्यांचं मोठं भांडण झालं ते राणीच्या रडण्यावरून. ते म्हणाले, 'दरबारात राणी रडन का? हे लेकाचे काहीबी दाखवतात.' मी म्हटलं, 'भाऊ, नवरा मेलाय तिचा. रडायलाही दरबाराला विचारायचं का?' दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. पुढच्या रविवारी ती पुन्हा रडली, तर मागून आवाज आला, 'रडू द्या तिले. बाई म्हणे, रडता येते.' त्यांनी हरलो म्हटलं असेल तर तेवढंच.

आणि त्यांना मालिका आवडत नव्हती असं कोणी समजू नका. गेल्या गुरुवारी, जायच्या तीन दिवस आधी, मी दुकानात साबण घ्यायला गेले. इकडंतिकडं पाहून हळूच विचारतात, 'बाई, तुम्ही शिकलेल्या. ते राणी वाचली होती का हो, खऱ्यात?' मी सांगायला तोंड उघडलं तर दोन्ही हात वर करून म्हणाले, 'नका सांगू. मले आत्ताच नाही माहीत करून घ्याचं.' ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसत होती, त्याला आठवडाभर राणीच्या जिवाची काळजी होती.

आता तो रविवार. ऐकवत नसेल तरी ऐका.

राणी बुरुजाकडं निघाली होती. अंगणात टाचणी पडली तर आवाज येईल अशी शांतता. मागूनही काही आवाज नाही. कोणीतरी म्हणालं, 'आज भाऊ चूप आहे, बरं झालं.' आणि आपण हसलो. मीही हसले. किती दिवसांनी धड पाहायला मिळतंय, असं वाटलं. खरं ना?

मग कौसल्याबाईंनी मान न वळवता विचारलं, 'काय म्हणे हो ते?' उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. आणि मग त्या वळल्या. एवढ्या मोठ्या अंगणात त्या एकट्याच वळल्या.

पुढचं सांगत नाही. तुम्ही होताच.

रमेश, तू तेव्हा शेतात होतास. आलास तेव्हा तुझे वडील बाजेवर होते आणि टीव्ही अजून चालूच होता. कोणाला बंद करायचं सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तू अँटिना काढून फेकलीस. चौकात ओरडून सांगितलंस, 'माह्या बापाच्या अंगणात यापुढं कोणी पाय ठेवाचा नाही.' आणि तिसऱ्या दिवशी आपल्यातला एक शहाणा मागच्या दारानं जाऊन विचारता झाला, रविवारी टीव्हीचं कसं काय. त्याचं नाव मी घेत नाही. त्याला ज्या बाप्यांनी विचारायला पाठवलं होतं, तेही इथंच बसलेत. राख थंड झाली नव्हती. रमेशनं त्याला मारलं नाही, हेच नवल म्हणायचं.

डॉक्टर म्हणाले, झटका एवढा मोठा होता की शेजारी बसलेल्यालाही काही करता आलं नसतं. रमेश, तुला ते पटत नाही. दिवसा मला पटतं, अंथरुणावर पडले की पटत नाही. त्यामुळं तू आमच्यावर रागावलास, त्यात मी तुला चुकीचा म्हणणार नाही. 

पण आता तुझ्या आईचं ऐक. घरात ती तुला सांगू शकली नाही. हा भोंगा तुमच्या घरापर्यंत ऐकू जातो, त्यामुळं मी एक शब्द वाढवून सांगितला तर ती उद्या माझा कान धरेल. ती मला म्हणाली, 'बाई, परवा त्या मालिकेचा शेवट आहे. मले पाह्याचा आहे. ह्यायचा जीव अडकला होता त्या राणीत. तिचं काय झालं, ते ह्यायले कोणी सांगाचं?'

कुजबुज होणार हे मला माहीत होतं. सुतकात टीव्ही? दहाव्याच्या आत बाई ओट्यावर येऊन बसणार? लोक काय म्हणतील? 

मंडळी, लोक म्हणजे आपणच. दुसरं कोण आहे या गावात?

दोन रविवारांपूर्वीचा भाग आठवा. दरबारी लोक राणीला म्हणाले, नवरा गेलेल्या बाईनं बुरुजावर यायचं नाही. त्या दिवशी शंकरभाऊंनी ना पातळ पाहिलं, ना घोडा. बाजेवरून उठून उभे राहिले आणि टीव्हीकडं बोट करून ओरडले, 'काऊन नाही याचं? अबे, किल्ला तिचा आहे!' तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यांनी. बाप्यांनीही. मग आता सांगा, ओटा कोणाचा आहे? 

रमेश, मान खाली घालू नकोस. तू माझ्या वर्गात होतास, रागात असलास की तुझे कान लाल होतात, ते मला माहीत आहे. राग माझ्यावर काढ. अँटिना लावायची की नाही हे तू ठरव, घर तुझं आहे. आम्हाला अंगणात घेऊ नकोस, तेही मान्य. गावातल्या कोणाचा शेवट हुकला तर कोणी मरत नाही. पण तुझ्या आईला पाहू दे. तिनं आणखी एक अट घातली आहे. ती म्हणाली, 'मुकी मालिका माह्याच्यानं पाहवणार नाही. मांगून कोणीतरी बोलाले पायजे.'

आता मी आटोपते. शोकसभेच्या शेवटी दोन मिनिटं उभं राहून मौन पाळायची रीत आहे. मी ते मागणार नाही. मागच्या रविवारी शंकरभाऊंसाठी आपलं मौन पाळून झालं आहे, आणि तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं.

उभे राहा सगळे. एकेकानं इथं माइकपाशी या आणि शंकरभाऊंचं जे बोलणं तुम्हाला सगळ्यात जास्त नकोसं व्हायचं, ते त्यांच्यासारखंच मोठ्यानं बोला. घरात ऐकू गेलं पाहिजे.

कौसल्याबाई, या. हात द्या मला. पहिल्या तुम्ही.