जांभळाची वाइन आणि तात्यांची केळी

घरी वाइन जरूर करा, पण बाप शेतकरी असेल तर त्याच्याशी खोटं बोलताना दहादा विचार करा.

आमचे तात्या म्हणजे उभ्या जन्मात दारूचा वास न घेतलेला माणूस. मी मोबाइलवर बघून गोठ्यामागे एका ड्रममध्ये जांभळं, साखर आणि यीस्ट घालून ठेवलं होतं. चांगला आंबूस वास सुटला, आणि नेमकं तेव्हाच तात्यांनी झाकण उघडलं.

"हाई काय शे रे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "जैविक औषध शे तात्या, केळीले."

"मंग आठे गोठामांगे कसाले ठेयेल शे?"

मी कामाला नंदुरबारला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर ड्रम धुऊन उलटा ठेवलेला! तात्यांनी सगळी वाइन ड्रीपमधून केळीला सोडली होती. नळीतून जांभळे थेंब पडत होते आणि मी सुतकी चेहऱ्याने बघत उभा.

"तात्या, सगळं दिलं?"

"मंग! आरधी बाग उपाशी ठेवू का?"

त्यात त्या केळीला घड असे दणदणीत आले की गावभर बोभाटा झाला. आता जांभळं संपली तर लोक पपया आणून टाकतात, "आम्हले बी औषध बनाडी दे, भाऊ!" ड्रम कायम भरलेला.

परवा चोरून एक ग्लास भरला, तोंडाला लावणार तोच तात्यांनी मागून येऊन हिसकावला.

"येडा शे का? औषध शे ते!"

आणि तो ग्लासही त्यांनी गोठ्याजवळच्या केळीच्या बुंध्याशी ओतला.