उतावीळ म्हणे!

उतावीळ? परत वाचा बघू साहेब, तेवढी ओळ. मला वाचता येत नाय, पण कान शाबूत हायेत. ‘भूमिकाच्या उतावीळपणामुळे भारताच्या हातातला चषक लंकेकडे गेला’ — असंच लिवलंय ना? बरं. बसा, चहा घ्या. नाय, भूमिका घरात नाय, रोह्याला कंपनीत गेलीय, शिफ्टला — संध्याकाळच्या गाडीनं येईल, तवर तिच्या आजीशी बोला. तुमी त्या भारत-लंका पोहण्याच्या लढतीचा इतिहास लिवलात, पण मला काय तो ठाऊक नाय? सगळा पाठ हाय. पोरगी भाकऱ्या थापता थापता सांगायची — पयली लढत कोलंबोला, लंकावाल्यांनी आपल्याला धू धू धुतलं. पुढच्या साली पुण्याला आपण उट्टं काढलं. मंग एका वर्षी ते आलेच नायत, पंचावरून भांडण झालं म्हणून. आणि पोरींना तर किती वर्षं घेतलंच नव्हतं, नुसती बापयांची मिरवणूक. पोरी आल्या तेव्हा कुठं रंगत आली — व्हय की नाय? आणि शेवटची ती चौघींची शर्यत, एकीनं भिंतीला हात लावला की मगच दुसरीनं उडी घ्यायची, तिला दुप्पट गुण. म्हणजे दिवसभर पोहून पोहून दोन्ही देश बरोबरीत यायचे, आणि चषक कुणाचा ते त्या चौघी ठरवणार. हाय का तुमच्या पुस्तकात इतकं नीट?

आता ती शर्यत. मी नव्हते तिथं, मोबाइलवर बघितली, सगळा गाव आमच्या ओट्यावर. तिसरी तुमची मनाली, तुमच्या पोहण्याच्या संघटनेच्या अध्यक्षांची भाची — एका अंगाच्या लांबीनं पुढं होती, खोटं कशाला बोलू? चौथी आमची भूमिका, भिंतीवरल्या उडीच्या ठोकळ्यावर उभी. आणि भिंत हातभर राह्यली असताना मनालीच्या पायात गोळा आला. तुमाला नाय दिसला? मला दिसला. खाडीकाठी जन्म गेला, पाण्यात माणूस वाकडा झालेला मला कळत नाय व्हय? हनुवटी वर, तोंड उघडं, हात नुसते आपटतायत. आणि भूमिकानं मारली उडी. मनालीचा हात भिंतीला लागायच्या आधी. व्हय, आधी — मी कुठं नाय म्हणते? उडी मारली, पोहली, पयली आली, गावानं ओरडून ओटा दणाणून सोडला, आणि हिरामणनं — माझा लेक, तिचा बाप — फटाक्यांची माळ लावली. माळ पेटली आणि तिकडं पंचानं हात वर केला. बाद. आता पेटलेली माळ मधेच कशी इझवायची? वाजत राह्यली. शेजारच्या वाडीला वाटलं जिंकलो, ते पेढे मागत आले.

कुणी विचारलं का तिला — का गो आधी उडी घेतलीस? कुणी नाय. या, इथं दारात या. तो लांब बांध दिसतो? त्याच्या आत आमची भातं, बाहेर खाडी. उधाणाला त्याला खांड पडते, भगदाड हो, की सगळं गाव धावतं, बाया काय नि बापये काय. खांडीत खांद्याला खांदा लावून उभं राह्यचं, पाणी अंगावर घ्यायचं, आणि मागनं बाकीच्यांनी चिखल-पेंढा दाबायचा. माणसांचीच भिंत. आणि त्यातला एक लटपटला, की तो बाहेर येईतवर थांबायचं नाय — आधी त्याच्या बाजूला उडी टाकायची, मंग त्यानं निघायचं. जागा मोकळी राह्यली की संपलं. हे कुणी शिकवत नाय, पोरं बघून बघून शिकतात. तिला मनाली लटपटताना दिसली, तिनं उडी टाकली. ह्याला उतावीळ म्हणतात तुमच्याकडं? निकाल फिरला नसता, ठाऊक हाय मला. पण ती मनाली एवढं तरी बोलली असती, की माझ्या पायात गोळा आला होता! बोलली काय? — ‘आम्ही सगळ्या भूमिकाला समजून घेतो.’ समजून घेतो! जशी काय हिनं चोरी केली.

मंग तुमच्या संघटनेनं घातली तिला शिबिरात. तिथं रोज एकच — ठोकळ्यावर उभी राहा, समोरचीचा हात लागल्याबिगर हलायचं नाय. हलली की पुन्हा. सगळ्यांच्या देखत, पुन्हा. रडली तरी पुन्हा. शिकली हो, चांगली शिकली. इतकी चांगली, की गेल्या भादव्यात — जाऊ दे. चहा निवतोय तुमचा. काय? पोहणं का सोडलं? आता काय सांगू — भादव्यात खांड पडली. हिरामण मधोमध उभा. दमला, लटपटला, ‘ये गो!’ म्हणून हाक मारली. ही बांधावर सगळ्यांच्या पुढं, अख्ख्या गावात हिच्यासारखं पोहणारं कोण नाय — आणि उभी. वाकून, हात पुढं करून, तुमच्या त्या ठोकळ्यावर उभी राह्यल्यासारखी. बाप येऊन हात लावील म्हणून थांबली. मी तिच्याकडंच बघत होते ना. पाय बांधावरनं सुटत नव्हते. फार नाय, एक श्वास असंल. तेवढ्यात फाटली जागा. हिरामणला पोरांनी ओढून काढला, पण भात गेलं — आमच्या एकट्याचं नाय, गावाचं. पोटरीला आलेलं, कणीस धरायच्या बेतातलं भात. आता जमीन खारी झाली, किती पावसाळे धुतील तेव्हा रोप धरंल. म्हणून ती कंपनी, म्हणून शिफ्ट. नायतर हिला कशाला —

थांबा. तो मोबाइल चालू हाय का? कधीपास्ना? बंद करा. पुसा ते. पुसा म्हणते ना! हे लिवायचं नाय. तुमी तेवढं उतावीळ काढा, आणि एक ओळ घाला — मनालीच्या पायात गोळा आला होता. बस. सत्कार नको, शाल नको, पोरीला स्टेजवर बसवू नका. एक ओळ. तिची पोरं उद्या वाचतील, मी काय वाचणार नाय.

काय म्हणता?

छापून झालं? सगळी पुस्तकं? मंग मला वाचून कशाला दाखवलंत? कशाला आलात इथवर? ... फोटो. अस्सं. पुस्तकाच्या कार्यक्रमाच्या फलकावर सगळ्यांचे लागले, हिचा तेवढा राह्यला.

उठा साहेब. राहू दे तो चहा. आलात तसे मागल्या रस्त्यानं जा, बांधावरनं नको. तिथं हिरामण बसलेला असतो, खांड पडल्यापास्ना पोरीशी एक शब्द बोललेला नाय. त्याला भूमिकाचा फोटो मागितलात, तर तो म्हणेल, अशी कोण मुलगी आमच्या घरात नाय.